मतपत्रिकेवरचं एकच नाव

ऑक्टोबर उजाडला की आमच्या रस्त्यावर दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मेपलची पानं गळायला लागतात आणि घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या उगवायला लागतात. पानं लाल-पिवळी, पाट्या लाल-निळ्या. सकाळी फिरायला निघाले की मी दोन्ही बघत चालते. पानं दरवर्षी नवी असतात, पाट्यांवरची नावं मात्र बरीचशी तीच. परवा घरी नमुन्याची मतपत्रिका आली. चष्मा लावून वाचायला बसले. वरपासून खालपर्यंत नावंच नावं, कुठल्या कुठल्या मंडळांची, न्यायाधीशांची. मध्येच राज्याच्या सिनेटची ओळ आली आणि तिच्याखाली एकच नाव होतं. समोर कुणी नाही. मी हातातला चहा खाली ठेवला. हे पूर्वी पाहिलेलं आहे, इथं केस पांढरे झाले आहेत, तरी धक्का बसायचा तो बसलाच.

आणि मग कानात दिगंबरकाकांचा आवाज आला. "एकच? अगं, एकच नाव? ही काय थट्टा आहे!" किती वर्षं झाली, पण तो आवाज अजून तसाच तापलेला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ती पानगळ. मी नागपूरहून शिकागोला रसायनशास्त्रात संशोधन करायला आले होते. विद्यार्थिनीचा व्हिसा, एक गादी आणि एक कुकर, एवढाच माझा संसार. दिगंबर घाटे आणि सुमतीकाकू शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या बाजूला राहायचे. काकू माझ्या मावशीची वर्गमैत्रीण, त्यामुळे शनिवारी सकाळची गाडी पकडून त्यांच्याकडे जाऊन वरणभात खाणं हा मी माझा हक्कच समजत असे. स्टेशनवर उतरलं की समोर राज्याचा महामार्ग आडवा यायचा. चार पदरी, भरधाव. काकांचं घर त्याच्या पलीकडे. पायी जाणाऱ्या माणसासाठी तिथं काहीही नव्हतं, ना सिग्नल, ना पट्टे. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि पळत सुटायचं.

आदल्या हिवाळ्यात काकूंना पळता आलं नाही. कडेला बर्फाचे ढीग होते, एक गाडी घसरत आली आणि काकूंना उडवून गेली. जीव वाचला, गुडघा गेला. त्यानंतर त्या जिना एकेक पायरी करून चढायच्या आणि वर पोचल्यावर कुणाचं लक्ष नाही ना ते बघून श्वास घ्यायच्या. काकांचं लक्ष असायचंच. रस्ता राज्याचा, म्हणून काकांनी राज्याच्या सिनेटरला पत्र लिहिलं. तिथं माणसांसाठी सिग्नल बसवा, एवढीच मागणी. उत्तर आलं ते छापील. काकांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर, सहीसुद्धा छापील. "ह्या माणसाला उत्तर द्यायची गरजच वाटत नाही," काका म्हणाले. "का वाटत नाही?"

त्या 'का'च्या मागे ते गावच्या वाचनालयात गेले आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म बघत दिवसभर बसले. घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. मी आणि काकू ताटं घेत होतो. काका बूट न काढताच खुर्चीत बसले आणि त्यांनी आम्हाला त्या मतदारसंघाचा सगळा इतिहास ऐकवला. दर निवडणुकीत हाच माणूस. त्याच्या आधी ह्याचाच वकिलीतला भागीदार. मधे जनगणना झाली, मतदारसंघाच्या रेषा नव्यानं आखल्या, क्रमांक बदलला, निम्मी गावं बाहेर गेली आणि दुसरी आत आली. माणूस तोच. "आणि समोर कोण? कुणी नाही! लोक जातात, मतपत्रिकेच्या कार्डाला नावापुढं भोक पाडतात, परत येतात. त्याला निवडणूक म्हणतात!"

काका मूळचे अमरावतीचे. तिथल्या वॉर्डाच्या निवडणुकीत टांग्यावरचे कर्णे दिवसभर कानठळ्या बसवताना त्यांनी ऐकले होते. सख्खे चुलतभाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले पाहिले होते. शाळेच्या संचालक मंडळालासुद्धा दोन पॅनेल असतात, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हा देश स्वीकारताना त्यांनी पुष्कळ विचार केला होता, आपला भारतीय पासपोर्ट परत करणं त्यांना जड गेलं होतं, हे मला काकूंनी सांगितलं होतं. एवढं सोडून ज्याच्यासाठी आलो ते हे? त्या दिवशी काका खरंच घाबरल्यासारखे दिसत होते. वरण गार झालं.

दुसऱ्या पक्षाची कचेरी म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली होती. तिथं बार्बरा नावाची एक हसतमुख बाई बसायची. तुम्ही माणूस का उभा करत नाही, असा जाब काकांनी तिला विचारला. ती म्हणाली, "कुणी तयारच होत नाही. पक्षाचा उमेदवार निवडायच्या पहिल्या फेरीत कुणी अर्जसुद्धा भरला नाही. आमची जागा रिकामीच आहे." मग तिनं काकांकडे नीट निरखून बघितलं. "आर यू अ सिटिझन?"

काका म्हणाले, "येस, मॅडम."

"देन व्हाय नॉट यू?"

हा प्रसंग काका पुढं कितीतरी वेळा रंगवून सांगायचे. पण खरा धक्का त्यांना त्यापुढच्या वाक्यानं बसला होता. बार्बरा म्हणाली होती की तुम्ही फक्त नाव द्या, बाकी काही करू नका, आरामात घरी बसा. "घरी बसा? उमेदवार घरी बसतो?" दिगंबर हे नाव लोकांना जड जाईल, डॉन केलं तर, असंही तिनं सुचवून पाहिलं. "माझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे," काका म्हणाले, आणि तो विषय संपला. त्यांना सिनेटर व्हायचं नव्हतं. त्या माणसाला एकदा तरी त्या रस्त्याबद्दल तोंडानं उत्तर द्यायला लावायचं होतं, एवढंच.

त्या वर्षीसारखी पानगळ मी पुन्हा पाहिली नाही. दारोदार पायऱ्यांवर भोपळे ठेवलेले. मक्याची वाळकी धाटं खांबांना बांधलेली. धुराड्यांमधून जळत्या लाकडाचा वास. आणि त्यातून तपकिरी कोट घातलेले काका, प्रत्येक दारापुढं हात जोडून उभे. दार उघडणाऱ्याला वाटायचं, हे कुठल्या तरी देवळातून आलेत. कुत्री भुंकायची. पण काका हटायचे नाहीत, स्टेशनसमोरच्या रस्त्याची गोष्ट सांगूनच पुढं सरकायचे. आश्चर्य म्हणजे लोक ऐकून घ्यायचे. एक म्हातारा तर म्हणाला की वीस वर्षांत कुठल्याच उमेदवाराला मी माझ्या दारात पाहिलेलं नाही. 

रस्त्याची एक बाजू काकांची, दुसरी बाजू काकूंची आणि माझी. मी फक्त सोबतीला, असं मला वाटलं होतं. पहिल्याच दारात माझं काम काय ते कळलं. एका बाईनं दार उघडलं. काकू साडीवर कोट घालून, पत्रक पुढं करून म्हणाल्या, "माय हजबंड, फॉर सिनेट. प्लीज व्होट."

"हाऊ नाइस! व्हॉट्स हिज नेम?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. काकूंच्या गालांवर लाली चढली. मग मला कळलं आणि मीच नाव सांगितलं. काकूंनी लग्नाच्या पंगतीत आणि मंगळागौरीला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नव्हतं. ते 'अहो' होते, 'हे' होते, 'आमच्याकडे' होते. ती बाई चकित होऊन म्हणाली, "शी डझन्ट नो हिज नेम?" मी आमची रीत समजावायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा आणखीच चकित झाला. पुढच्या घराकडे जाताना मला हसू आवरेना.

"काकू, प्रचाराला निघालाय आणि उमेदवाराचं नाव घेत नाही!"

"पत्रकावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय की. त्यांना वाचता येतं ना?" त्या लंगडत, ठामपणे म्हणाल्या. "आणि तू कशाला आहेस?"

मग त्या संबंध ऑक्टोबरात मी दारोदार काकांचं नाव घेत हिंडले. आता प्रचार फोनवर येतो. दिवसातून दहा वेळा कुणीतरी माझं पहिलं नाव घेऊन, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखं, मत मागतं. मी ते न वाचता पुसून टाकते.

दसऱ्याला मराठी मंडळानं उद्यानातल्या छपराखाली सगळ्यांना जमवलं. आपट्याची पानं कुठली मिळायला, आम्ही ओकची पानं गोळा केली आणि सोनं म्हणून एकमेकांना दिली. मंडळाचे अध्यक्ष पाटणकर यांनी काकांना शाल पांघरली, नारळ दिला, हार घातला. "आपले भावी सिनेटर!" असं ते मोठ्यांदा म्हणाले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पलीकडच्या तळ्यातले हंस ओरडत उडाले. मुलांना काही कळेना. "इज ही लाइक द प्रेसिडेंट?" एका चिमुरडीनं आईला विचारलं. काकांचे डोळे भरून आले होते. आपल्या माणसांनी पाठीवर हात ठेवला की माणूस विरघळतोच.

भाषण थोडक्यात आटपून काका म्हणाले, "आता मला एवढंच सांगा, मतदानाला कोण कोण येणार? हात वर करा बघू."

एक हात वर झाला. मग आणखी दोन. मग काही नाही. मला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. काकांनाही तसंच वाटलं, त्यांनी पुन्हा विचारलं. हात तेवढे तीनच राहिले.

पाटणकर घसा खाकरून म्हणाले, "काका, काय आहे ना, आमचं अजून ग्रीन कार्डच आहे. सिटिझनशिप नाही घेतली. दोन-चार वर्षांत परतच जायचंय ना, मग कशाला..."

हे पाटणकर दहा वर्षं दोन-चार वर्षांत परत जात होते. त्याच उन्हाळ्यात त्यांनी घराखालचं तळघर बांधून काढलं होतं. आजूबाजूला माना हलल्या. आमचंही तसंच. आमचंही. काका एकेका चेहऱ्याकडे बघत होते. इथं घरं घेतली, मुलं इथल्या शाळांत घातली, म्हणजे आपल्यासारखेच सगळे इथले झाले, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. कुणाला विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी गळ्यातला हार काढला. "मग हे कशाला?" त्यांचा आवाज फुटला. "मत नाही तर हार कशाला घालता? टाळ्या कसल्या वाजवता?"

 तेव्हा श्रीखंडाच्या पातेल्यामागून काकूंचा आवाज आला. अगदी हळू.

"अहो, माझंही राहिलंय."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना हादरलेलं पाहिलं आहे. पण त्या क्षणी काकांचा जो चेहरा झाला तसा दुसरा पाहिला नाही. त्यांना राग आला नाही. त्यांना काही समजतच नव्हतं. ज्या बाईच्या गुडघ्यासाठी ते दारोदार हात जोडत होते, तिला त्यांना मत देता येणार नव्हतं, आणि एका घरात राहून त्यांना ते माहीतही नव्हतं.

घरी जाताना गाडीत काकूंनी सगळं सांगितलं. दोघांचे नागरिकत्वाचे अर्ज बरोबरच गेले होते. पण आपल्या मुलाखतीच्या वेळी काकू नागपूरला, आजारी आईजवळ होत्या. परत आल्या तेव्हा काकांची शपथ होऊन गेली होती आणि ते घरोघर पेढे वाटत होते. "त्या आनंदात म्हटलं, सांगू सावकाश. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू? आई होती ना तेव्हा. आईकडे जायला मी व्हिसा मागायचा, हे मला सहनच होईना."

काका गाडी चालवत राहिले. मला मागच्या सीटवर नाहीसं व्हावंसं वाटत होतं. मी त्या जोडप्याकडे पाठीमागून बघत होते आणि मला दोघांचंही पटत होतं, हेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच प्रचाराला निघाले. काकू खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी कोट चढवला, मला म्हणाल्या, "चल, नाव घ्यायला तू लागशील." आणि लंगडत समोरच्या बाजूची घरं घ्यायला लागल्या. काकांनी वळून बघितलं आणि पुढचं दार वाजवलं. पण संध्याकाळी त्यांनी काकूंसाठी गरम पाण्याची पिशवी स्वतः भरून आणली.

गावच्या वाचनालयानं दोन्ही उमेदवारांना एका मंचावर बोलावलं होतं. काका इस्त्रीचा सूट घालून गेले. दुसरी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. सिनेटरसाहेबांना यायची गरज वाटली नव्हती. काकांनी आपला प्रश्न त्या खुर्चीलाच विचारला आणि लोक हसतील म्हणून घाबरलेली मी पाहते तर कुणीच हसलं नाही. मतदानाच्या दिवशी काका शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन आपल्याच नावापुढं भोक पाडून आले. बाहेर येऊन त्यांनी बोट बघितलं. "शाई नाही लावत हे लोक," ते म्हणाले. "मत दिल्यासारखं वाटतच नाही."

काका हरले. हरणारच होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात निकाल होता. काकू इडल्या उकडत होत्या. काकांनी तो आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पेपर सरकवला. जिंकणाऱ्याला त्यांच्यापेक्षा खूपच जास्त मतं होती, पण काकांनाही हजारो मतं पडली होती. हजारो! आमची सगळी मराठी माणसं, मुलंबाळं आणि पाहुण्यारावळ्यांसकट उभी केली असती तरी त्या आकड्याच्या जवळपास पोचली नसती.

"हे कोण लोक?" काका म्हणाले. "ओळख ना पाळख. ह्यांनी मला का दिलं?"

मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आता तर पक्कंच ठाऊक आहे, की बऱ्याच जणांनी नाव न वाचता पक्षाला दिलं असेल. काहींनी त्या एका नावाला कंटाळून दिलं असेल. पण काही तर अशी असतीलच, ज्यांच्या दारात हात जोडून उभा राहिलेला तपकिरी कोट लक्षात राहिला. काकांच्या डोक्यात हिशेब वेगळाच चालला होता. ते खिडकीपाशी गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे असे बघायला लागले की जणू त्यानंच मत दिलंय. आदल्या दिवशीपर्यंत तो रस्ता परका होता. ज्यांनी हार घातले त्यांना मत नव्हतं, आणि ज्यांना मत होतं त्यांनी, नाव धड उच्चारताही येत नसताना, ह्या माणसाला दिलं होतं. मी शास्त्राची विद्यार्थिनी, मला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. ह्या गोष्टीनं मात्र मी आजही चक्रावते.

वसंतात एक दिवस स्टेशनवर उतरले तर महामार्गावर माणसं खांब उभा करत होती. सिग्नल! खांबावर बटण, आणि रस्त्यावर पांढरे जाड पट्टे. सिनेटरसाहेब त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले होते. कुणाच्या मागणीवरून बसला, ह्याचा पेपरात उल्लेख नव्हता. काका संतापले. काकू म्हणाल्या, "बसला ना? मग झालं." आणि त्यांनी बटण दाबून, दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवून, सावकाश, ऐटीत रस्ता ओलांडून दाखवला.

त्याच उन्हाळ्यात काकूंनी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्यांची आई तेव्हा गेलेली होती. जाताना गाडीत त्यांनी आपला जुना पासपोर्ट एकदा छातीशी धरला, आणि मग डोळ्यांतून पाणी न काढता आत गेल्या. काका बाहेर येऊन रडले.

पुढच्या निवडणुकीत सिनेटच्या ओळीखाली पुन्हा एकच नाव होतं. बार्बरा गाव सोडून गेली होती आणि काकांना कुणी विचारलं नव्हतं. जो घरी बसत नाही, त्या उमेदवाराचा पक्षालाही त्रास होत असावा. पण काकूंचं ते पहिलं मत होतं, म्हणून आम्ही तिघं चालत शाळेत गेलो. मी बिस्किटांच्या टेबलापाशी थांबले. मत दिलेलं कार्ड एका पाकिटात घालून द्यायचं असे, आणि छापलेल्यांपैकी कुणी नको असेल तर त्या पाकिटावर आपल्या मनातलं नाव लिहायची सोय होती. असं मत सहसा मोजत नाहीत, हे काकांनीच आम्हाला समजावलं होतं. काकूंना आत बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. मला वाटलं, उकडलं असेल.

परतताना आम्ही सिग्नलपाशी आलो. वाऱ्यानं सगळी पानं रस्त्याच्या कडेला येऊन पडली होती. काका चिडवायच्या सुरात म्हणाले, "काय मग, सिनेटला कुणाला दिलंत? एकच तर नाव होतं."

"होतं ना," काकू म्हणाल्या. "मी दुसरं लिहिलं."

"दुसरं कुठलं?"

काकूंनी बटण दाबलं. मग तोंडाला पदर न लावता, उखाण्यात न गुंडाळता, चार पदरी रस्त्याच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "दिगंबर केशव घाटे."

दिवा लागला. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. काकू आपल्या दुखऱ्या पायानं निम्म्या रस्त्यापर्यंत पोचल्या आणि मागं वळून बघतात तर काका अजून कडेलाच, तोंड उघडं टाकून उभे.

"अहो, चला की," काकू तिथून ओरडल्या. "आपल्यासाठी थांबलेत ना सगळे!"